पावलांचे टिपण

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमची नातवंडे राखोलीस आली, ती एक गुंडाळलेली चटई घेऊन आली. उलगडल्यावर तीवर डावा, उजवा, पुढचा व मागचा अशा चार दिशांचे चार बाण दिसले. ती दूरदर्शन संचाला जोडली की पडद्यावर गाणे सुरू होते आणि खालून वर बाण सरकू लागतात. वरच्या टोकाशी चार बाण स्थिर असतात. सरकता बाण त्यांतील आपल्या जोडीदाराला ज्या क्षणी भेटतो, नेमक्या त्याच क्षणी चटईवरील त्या दिशेच्या घरात नाचणाऱ्याचे पाऊल पडले पाहिजे. पडले तर गुण, चुकले तर उणे.

आम्ही आरामखुर्चीतून हा प्रकार पाहत होतो. कारखान्यांच्या दिव्यांपलीकडे दमणगंगेच्या अंगाने, एखाद्या पाड्यावरून तारप्याचा आवाज येत होता. घरातले गाणे आणि बाहेरचा तारपा यांचा मेळ बसण्याचे कारणच नव्हते. तरीही आम्ही नातवाला सहज विचारले, "हे बाण कधी कुठे यायचे, हे ठरवितो कोण?" तो नाचता नाचताच म्हणाला, "कोणीतरी बसून लिहितो, आजोबा." शासकीय सेवेत आयुष्य टिपणे लिहिण्यात गेलेल्या माणसाला हे उत्तर स्वस्थ बसू देईना. पावलांचेही टिपण असते तर! मग ते लिहिण्याची विद्या कोठून आली, आणि आपल्याकडे ती कोणत्या रूपात होती, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

या खेळाचा जन्म जपानातला. कोनामी या कंपनीने १९९७ साली हातांनी तबकडी व कळा वाजविण्याचा 'बीटमेनिया' नावाचा खेळ आणला आणि पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हा पायांचा खेळ आणला. १९९९ साली कोरियातील अँडामिरो कंपनीने 'पंप इट अप' काढला. त्यात मधले एक आणि कोपऱ्यांतली चार अशी पाच घरे होती. २००१ साली 'स्टेपमेनिया' नावाची मुक्त संगणकप्रणाली आली आणि या इतिहासाने वळण घेतले. तोवर बाणांची मांडणी मुख्यतः कंपनीच्या कचेरीत होत असे. आता कोणाही हौशी माणसाला आपल्या आवडीचे गाणे घेऊन त्यावर पावले बसविता येऊ लागली. २००४ साली अमेरिकेत 'इन द ग्रूव्ह' हा खेळ निघाला. त्यावर कोनामीने २००५ मध्ये दावा लावला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन त्या खेळाचे हक्क कोनामीकडेच गेले. पावलांच्या खेळावरून कोर्टकचेरी व्हावी, एवढी त्याला किंमत आली होती.

ही मांडणी लिहितात कशी, हे समजून घेतल्यावर आम्हांस मोठी मौज वाटली. स्टेपमेनियाची लिखित प्रत साध्या आकड्यांची असते. प्रत्येक ओळीत चार आकडे, कारण घरे चार: डावे, मागचे, पुढचे, उजवे. शून्य म्हणजे तेथे पाऊल नाही. एक म्हणजे पाऊल टाका. दोन म्हणजे टाकून दाबून धरा. तीन म्हणजे सोडा. '१०००' असे लिहिले की डावे पाऊल, '१००१' लिहिले की दोन्ही बाजूंना एकदम उडी. एक आवर्तन संपले की स्वल्पविराम. आवर्तनात चार ओळी लिहिल्या तर दर मात्रेला एक ओळ येते. आठ लिहिल्या तर दुगुन, सोळा लिहिल्या तर चौगुन. काळ मोजायला वेगळे चिन्ह नाही. तेवढ्याच जागेत ओळी किती बसविल्या, यावरून लय कळते.

हे वाचताच आम्हांस पंडित भातखंड्यांची स्वरलिपी दिसू लागली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मुंबईत वकिली करता करता घराण्यांच्या कोठीत बंद असलेल्या चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत बद्ध केल्या. त्यांच्या लिपीत एका मात्रेत जितके स्वर बसवावयाचे, तितके एकाच चंद्रकोरीने खालून बांधतात. कोरीत दोन स्वर असोत वा चार, काळ एकाच मात्रेचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२-१९३१), ज्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, निराळी वाट धरली होती. त्यांच्या लिपीत प्रत्येक कालमानाला स्वतंत्र चिन्ह होते. दोन्ही पद्धतींचा हेतू एकच, गुरू समोर नसतानाही चीज जिवंत राहावी. ऐकलेले कागदावर उतरविण्याचे हे काम महाराष्ट्राने केले, याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्तच आहे.

परंतु स्वर लिहिले गेले, पावले लिहिली गेली काय? युरोपात हा उद्योग जुना. १७०० साली पॅरिसमध्ये राउल-ओजे फ्योये यांनी पदन्यासाच्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले. कागद म्हणजे दालनाची जमीन समजून तीवर नर्तकाच्या वाटेची रेघ काढावयाची आणि रेघेच्या दोन्ही अंगांना पावलांची चिन्हे मांडावयाची, अशी ती रीत होती. पुढे १९२८ साली रुडॉल्फ लाबान यांनी साऱ्या देहाच्या हालचालींची लिपी मांडली. आपल्याकडे कथकात पावले मुखाने सांगण्याची परंपरा आहे. नर्तक आधी बोलांची पढंत करतो, मग तेच पायांनी वाजवितो. ती लिपीच होय. फक्त कागद नाही, जीभ आहे.

आपल्या मराठी मुलखात पावलांचे टिपण सर्वांत जवळून दिसते ते लेझमीत. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. मूळ हे तालमीतल्या व्यायामाचे साधन. शाळेच्या मैदानावर ती आली तेव्हा तिच्या हालचालींना आकडे आणि नावे मिळाली: चार आवाज, पवित्रा, दोरुख, आगे फलांग. शिक्षक एक-दोन-तीन-चार म्हणत आणि त्या त्या आकड्याला हात-पाय कोठे असावा, हे आधीच ठरलेले असे. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या एका मराठी माणसाने देहाच्या विद्येचा एवढा मोठा ग्रंथ मराठीत उभा करावा, ही आपल्यासारख्या बाहेर वसलेल्या घराण्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात लेझीम झाली, ती याच आकड्यांच्या शिस्तीच्या बळावर. आणि २००६ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने आपल्या सरकारी शाळांतून मुलांच्या व्यायामासाठी तो बाणांचा खेळ नेण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी आपल्या ड्रिलमास्तरांचीच वाट नकळत धरली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. बाण लिहिणे हे केवळ कारकुनी काम की कला? प्रत्येक ठेक्याला एक बाण ठेवला तर मांडणी बिनचूक होईल, परंतु कोणी तीवर दुसऱ्यांदा नाचणार नाही. चांगला मांडणीकार प्रथम गाणे कानांत मुरवितो. एकाच गाण्यात ढोल आहे, गळा आहे, मधले वाद्य आहे. पावलाने कोणाच्या मागे जावयाचे, हा त्याचा पहिला निर्णय. ध्रुवपदात ढोल धरला आणि अंतऱ्यात गळ्याच्या मागे गेला, तर नाचणाऱ्याला न सांगता कळते की गाण्याने कूस बदलली. दुसरा नियम देहाचा. पावले आळीपाळीने पडली पाहिजेत. एकाच पायाला लागोपाठ दोनदा धावावयास लावले की तोल जातो. मात्र डावा पाय उजव्या घरात जाईल अशी मांडणी जाणूनबुजून केली, तर कंबर वळते, खांदा फिरतो आणि खेळणारा नकळत नाचू लागतो. तिसरा नियम विसाव्याचा. कठीण जागेआधी मोकळी जागा हवी. गाणे थबकते तेथे बाणांनीही थबकावे. एकाच गाण्याची सोपी मांडणी करावयाची तर बाण अंदाधुंद गाळून चालत नाही. सम राखून आजूबाजूचे गाळावे लागतात. थोडक्यात, ज्याने स्वतः कधी पाय हलविला नाही, त्याने लिहिलेली मांडणी पहिल्या आवर्तनातच उघडी पडते.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली. तिचे कारण सांगणे भाग आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जो भाग २०१४ पासून पालघर जिल्हा झाला, तेथील एका कचेरीत कामास होतो. प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमात तारपा नृत्य ठेवावयाचे ठरले आणि त्याची आखणी आमच्याकडे आली. आम्ही रीतसर टिपण तयार केले: प्रवेश एक मिनिट, वर्तुळात तीन फेऱ्या, नंतर व्यासपीठाकडे तोंड करून सरळ रांग, नमस्कार, प्रस्थान, एकूण आठ मिनिटे. मैदानावर चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखून घेतले, रांगेची रेघ मारून घेतली. पाहुण्यांकडे कोणाची पाठ होता कामा नये, ही वरून आलेली सूचना होती. आदल्या दिवशी सरावाला आलेल्या वृद्ध तारपकऱ्याने ती रेघ पाहिली आणि एवढेच विचारले, "मग तारपा कुठं उभा राहणार?" आम्ही त्याला बाजूला, ध्वनिक्षेपकाजवळची जागा दाखविली. तो काही बोलला नाही.

तारपा नृत्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आमचा प्रमाद एव्हाना ध्यानात आला असेल. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांनी बनलेले हे वाद्य नुसती साथ करीत नाही. नाच तेच चालविते. तारपकरी मध्ये असतो आणि स्वतःही फिरतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती वळतात. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, हा या नाचाचा कणा. तारपकऱ्याने सूर पालटला की साखळीच्या तोंडाशी असलेला दिशा पालटतो आणि त्याच्यामागे सारी साखळी सापासारखी वळते. गारुडी आणि नाग यांची उपमा या नृत्याला देतात ती याचमुळे. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन २०१८), ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि इतर वारली चित्रकारांनी हा नाच पुनःपुन्हा रेखाटला आहे. त्या चित्रांत नर्तक मळसूत्रासारखे आत आत वळत जातात आणि मध्याशी तारपकरी असतो. फ्योयेच्या पुस्तकात जमिनीवरची वाट जशी वरून दिसते, तशीच ती येथे पांढऱ्या रंगात गेरूच्या भिंतीवर दिसते. वारल्यांनी पावलांची लिपी केली नाही, असे म्हणणाऱ्याने ही चित्रे पाहावीत.

आम्ही मात्र त्या मळसूत्राची सरळ रेघ केली. दुसऱ्या दिवशी सारे टिपणाबरहुकूम झाले. आठ मिनिटांत नृत्य संपले, टाळ्या पडल्या, आमच्या आखणीचे कौतुकही झाले. मंडळी पांगल्यावर आम्ही जीपकडे निघालो तेव्हा मैदानामागच्या मोकळ्या जागेत पुन्हा तारपा वाजू लागला होता. तीच माणसे, मध्ये तोच वृद्ध, आणि भोवती साखळी. कोणासाठी नव्हे, आपल्यासाठी. बराच वेळ ती फिरत राहिली. आमच्या फक्कीच्या रेघेवर जे झाले ते काय होते, हे आम्हांस तेव्हा कळले. पण कळून आम्ही जीपमध्ये बसलो आणि पुढच्या वर्षी तेच टिपण तारीख बदलून पुन्हा वापरले.

असो. बाणांची मांडणी आणि तारपा यांत साम्य आहे तसा भेदही आहे, आणि तो फार मोलाचा आहे. दोन्हींत एकजण सूर आणि पाऊल यांची गाठ बांधतो, बाकीचे ती पाळतात. मात्र मांडणीकाराचे काम नाच सुरू होण्याआधी संपते. खेळणारा दमला, लहान मूल रांगेत आले, कोणाचा पाय मुरगळला, हे त्याच्या बाणांना ठाऊक नसते. तारपकऱ्याची मांडणी नाचाबरोबरच जन्मते. साखळी ओढल्यासारखी वाटली की तो चाल सावरतो. रंग चढला की वळण लवकर देतो. तो लिहितो आणि वाचतो, दोन्ही एकाच दमात. कागदाचे बळ टिकण्यात आहे, तारप्याचे बळ समोर असण्यात. म्हणूनच तारपकरी गेला की त्याच्याबरोबर त्याची वळणेही जातात, आणि येथे आपला, म्हणजे हवेलीतील जुन्या मराठी घराण्यांचा, संबंध पोहोचतो.

या भूमीशी आपले नाते गाण्यातून आले आहे, याचे विस्मरण होऊ नये. मराठ्यांनी पोर्तुगीजांस १७८३ साली नगर हवेली दिली, १७८५ साली दादरा त्यांच्याकडे गेले. १९५४ च्या जुलैच्या उत्तरार्धापासून २ ऑगस्टपर्यंत दादरा आणि सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके सहभागी होते. त्याच्या निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. १९६१ साली हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. त्या सुमारास कोणी शिक्षक म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी दुकान टाकण्यासाठी आपले वडील-आजोबा येथे आले. येताना त्यांनी भजनाचे टाळ आणले, हार्मोनियम आणली, लेझमी आणल्या. आमच्या लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना कडेला वारली आणि कोकणा मुले उभी राहून पाहत. पुढच्या वर्षी त्यांतली काही रांगेत असत. ती आपल्याकडून चार आवाज शिकली. आपण त्यांच्याकडून काय शिकलो? दर वर्षी भात तयार झाले की तारप्याचा आवाज आपल्या खिडकीत येत आला. आपण म्हणत आलो, 'चालू झाले यांचे.' साठ वर्षांत आपल्यापैकी कितीजणांना त्या नाचाचे एक तरी वळण पायाने ठाऊक आहे? आम्हांस नव्हते.

भातखंडे घराण्यांच्या उंबरठ्यावर तिष्ठत बसले, तेव्हा कुठे चिजा कागदावर आल्या. आपल्याला तर नुसता बांध ओलांडावयाचा होता.

त्या दिवाळीत नातवाने एक उद्योग आरंभिला. पाड्यावरून येणारा तारपा त्याने भ्रमणध्वनीवर मुद्रित करून घेतला आणि त्यावर बाण बसविण्याचा घाट घातला. दोन दिवस तो संगणकाशी झगडत होता. ठेका त्याला सापडला. पावलेही बऱ्यापैकी बसली. वळण मात्र हाती लागेना. ते कधी बाराव्या आवर्तनाला येई, कधी सातव्याला. अखेर तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, आता वळायचं हे त्यांना आधी कसं कळतं?" आमच्या सेवाकाळातील सर्व टिपणांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही काठी घेतली आणि त्याला म्हणालो, "चल, विचारून येऊ."

पाड्यावर गेलो तेव्हा अंधार पडला होता. ओळखीच्या एका घरमालकाने आम्हांस बाज दिली. तारपा वाजविणारा मध्यम वयाचा गृहस्थ थोडा थांबला होता. नातवाने आपला प्रश्न त्याला विचारला. तो हसला आणि म्हणाला, "आधी नाही कळत. शेजारच्याचं कळतं." मग त्याने साखळीच्या शेपटाशी असलेल्या मुलांकडे बोट दाखविले. त्यांतल्या एका मुलीने हात पुढे केला आणि आमचा नातू तिच्या पलीकडे कमरेत हात घालून उभा राहिला.

पहिल्या दोन वळणांना तो फरपटला. तिसऱ्याला त्याचे पाऊल इतरांबरोबर पडले. साखळी आमच्या बाजेजवळून गेली तेव्हा तो आमच्याकडे पाहत नव्हता, तारप्याकडे पाहत होता. मग पुन्हा शेपूट जवळ आले. त्याने मोकळा हात आमच्याकडे पसरला, आणि आम्ही काठी बाजेला टेकवून उठलो.